दानात गेलेला फोन

जबलपूर,
८ जानेवारी २०२५

ती. शेवंता आत्यास,
दीक्षाचा सादर जयभीम. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. गुडघ्यांमुळे तुला येत्या रविवारी आईच्या पुण्यानुमोदनाला येता येणार नाही हे वाचून बाबा दिवसभर गप्प होते. तसे ते आई गेल्यापासून गप्पच असतात. पाच वर्षं झाली बघ. भन्तेजी नागपूरहून यायचे आहेत. दानाचं सामान बाबांनी आतापासूनच बाहेरच्या दिवाणावर मांडून ठेवलंय. शाल, छत्री, टॉर्च, साबणाच्या वड्या. मला हात लावू देत नाहीत.

आता मुख्य बातमी. मी नवा फोन घेतला! तू म्हणशील, एवढं काय त्यात. पण आत्या, माझा दवाखाना म्हणजे माझी स्कूटी आणि माझा फोन. लोकांच्या घरी जाऊन कान तपासायचे, मशीन लावायचं आणि ज्याच्या त्याच्या कानाला सोसेल तसा आवाज फोनवरून जुळवायचा. गेल्या महिन्यात तिलवाऱ्याच्या पुढे मुरलीधर काकांचं मशीन अर्धं जुळवलेलं असताना फोनने मान टाकली. काकांना वाटलं, उरलेला कानही गेला. रडायलाच आले बिचारे. त्या दिवशी ठरवलं, बस झालं.

तीन आठवडे निवडण्यात गेले. एका फोनचा कॅमेरा म्हणे चंद्रावरचे खड्डे दाखवतो. मला काय करायचेत? मला बॅटरी सकाळपासून संध्याकाळपर्यंत पुरायला हवी, उन्हात अक्षर दिसायला हवं, दोन सिम चालायला हवीत आणि कानाच्या मशीनशी त्याचं जमायला हवं. शेवटी कमानिया गेटजवळच्या दुकानात तसा एक मिळाला. दुकानवाले भैया जुना फोन बदल्यात मागत होते, पण मी दिला नाही. त्यात माझ्या त्रेचाळीस लोकांची सेटिंग आहेत आणि मशीन समोर असल्याशिवाय ती नव्या फोनात येत नाहीत. म्हणून दोन्ही फोन घेऊन घरोघर फिरून राहिले आहे. सहा झाले, सदतीस राहिले.

तुझे कान कधी देतेस तपासायला? बहिरी आत्या आणि मशीनवाली भाची, लोक हसतात मला.

फोन बदलला तरी लोभ जुनाच राहू दे.
तुझी,
दीक्षा


नागपूर,
२१ जानेवारी २०२५

चि. दीक्षास,
शेवंता आत्याचे पोटभर आशीर्वाद.

पत्र वाचून मी चाटच पडले. माणसाला ऐकू यावं की नाही हे आता फोन ठरवणार? आमच्या वेळी फोन तरी ऐकू येत होता का? माझ्या कानांच्या मागे लागू नको. मला जेवढं ऐकायचं तेवढं ऐकू येतं, आणि बाकीचं ऐकून कोणाचं भलं झालं आहे?

तुझ्या बाबाचं कार्ड कालच आलं. कार्यक्रम छान झाला, परित्राणपाठ झाला, पन्नास माणूस जेवून गेलं. बरं वाटलं. दानही चांगलं केलं हो तुम्ही. शाल, छत्री, टॉर्च आणि तुझा जुना मोबाईल. तुला विचारूनच ठेवला म्हणे पिशवीत. भन्तेंना दूरदूर फिरावं लागतं, त्यांना उपयोगी पडेल, असं त्यानं लिहिलं आहे. तुझ्या आईच्या नावानं दिलंस, माझा ऊर भरून आला.

एक मात्र सांगते, रागावू नको. तुझा बाप दर पत्रात लिहितो की पोरगी सकाळी कामाला निघते ती एका शब्दानं सांगत नाही. कामाची घाई असेल, पण म्हातारा माणूस आहे. जाताना दोन शब्द टाकत जा.

अंगणातल्या शेवग्याला फुलं लागली आहेत. शेंगा झाल्या की पाठवते, माझी आठवण काढून खाशील.
तुझी,
आत्या


जबलपूर,
२७ जानेवारी २०२५

ती. आत्या,
जयभीम.

तुझं पत्र उभ्यानंच दोनदा वाचलं. दोन आठवडे मी तो फोन शोधून राहिले होते! स्कूटीची डिक्की रिकामी केली, गादीखाली पाहिलं, फोन लावला तर बंद. ओमती ठाण्यात जाऊन हरवल्याचा अर्जसुद्धा दिला. साहेबांनी विचारलं, कोणावर संशय आहे का. मी म्हणाले, नाही. आणि चोर घरात बसून माझ्यासोबत वरणभात खाऊन राहिला होता!

मी बाबांना विचारलं. ते शांतपणे म्हणाले की स्वयंपाकघराच्या दारात येऊन तुला विचारलं आणि तू हो म्हणालीस. आत्या, मी हो म्हटलंच नाही. मला स्वच्छ आठवतं. माझी पाठ होती त्यांच्याकडे, वांगी चिरत होते, आणि मोठ्यानं सांगितलं होतं की नको बाबा, तो अजून लागतो. बाबा आयुष्यात माझ्याशी खोटं बोललेले नाहीत. फोन गेल्याचा धक्का एक, आणि हा दुसरा, त्याहून मोठा.

भन्तेंकडून तो परत मागा म्हटलं तर कानावर हात ठेवले. दिलेलं दान मागायचं नसतं म्हणे. इकडे मुरलीधर काकांचं मशीन बिघडून नवं आलंय आणि सेटिंगशिवाय ते नुसतं खरखरतंय. आठ महिने लागले होते त्यांचा कान जुळवायला. असे सदतीस. मी कोणत्या तोंडानं त्यांच्या दारात जाऊ? माझ्याकडे दुकान नाही, पाटी नाही. लोकांचा विश्वास आहे तोवर काम आहे.

चार दिवस झाले, मी बाबांशी बोलणं सोडलंय. पेपर वाचतात, जेवतात, झोपतात. त्यांना काही फरक पडलेला दिसत नाही.

या पत्रात माया कमी वाटली तर समजून घे.
दीक्षा


नागपूर,
४ फेब्रुवारी २०२५

चि. दीक्षा,
आशीर्वाद.

आधी फोनचं. पत्र वाचून तशीच रिक्षा केली आणि विहारात गेले. भन्ते काही सांगत होते, मी मान हलवत होते. तीनदा झालं तसं. मग त्यांनी हसून कागदावर लिहून दिलं. लिहिलं होतं की ही वस्तू सदतीस लोकांची आहे, लक्ष्मणरावांची नव्हे. ती मी ठेवली तर न दिलेलं न घेण्याचं माझं दुसरं शील मोडेल. फोन त्यांच्या झोळीत जसाच्या तसा होता, चार्जरच नव्हता म्हणून कोणी चालू केला नव्हता. आमची शेजारीण भानुमती लेकीकडे जबलपूरला निघाली आहे, तिच्या हाती हे पत्र आणि फोन देते.

आता दुसरं. तू लिहिलंस की बोलणं सोडलं आणि बाबांना फरक पडला नाही. ते वाचलं आणि मी ताट बाजूला सारलं. पोरी, त्याला कळलंच नसेल.

तुझ्या बापाला ऐकू येत नाही. सात वर्षं झाली. तुला वाटतं तो फक्त माझ्या कानांमुळे कार्डं लिहितो. नाही. फोनवर मला त्याचं ऐकू येत नाही आणि त्याला माझं. तू समोर बसून मोठ्यानं बोलतेस, तुझ्या धंद्याची सवय ती, म्हणून ओठांवरून त्याचं भागतं. पाठमोरी असलीस की संपलं. तू नको म्हणाली असशील. वांगी चिरताना तुझी मान हलली असेल आणि त्यानं हो धरलं असेल. तो खोटं बोलला नाही.

त्यानं मला शपथ घातली होती. पोरीनं मला पेशंटच्या नजरेनं पाहू नये, म्हणाला. तुझी आई होती तोवर ती सांभाळून घेत होती, त्याच्या वतीनं तीच सगळ्यांना उत्तरं द्यायची. ती गेल्यावर तो गप्प झाला असं तुला वाटलं. तो गप्प नाही झाला ग, त्याचे कान गेले तिच्यासोबत.

शपथ मोडली. माझ्यावर रागाव, त्याच्यावर नको.
तुझीच,
आत्या


जबलपूर,
२० फेब्रुवारी २०२५

चि. शेवंता हिस,
लक्ष्मणचा जयभीम.

तू शपथ मोडलीस. लहानपणापासून तुझ्या पोटात काही राहत नाही, माझीच चूक. फोन भानुमतीबाईंनी पोचवला. मुरलीधरजींचं मशीन त्याच दिवशी बोलतं झालं. बाकीच्यांकडे दीक्षाच्या स्कूटीवर मागे बसून मीच फिरलो आणि प्रत्येकाची माफी मागितली. कोणी रागावलं नाही. एकाने तर मलाच विचारलं की भाऊ, तुम्ही काहून मशीन लावत नाही?

तुझं पत्र वाचून दीक्षा माझ्यावर ओरडेल असं वाटलं होतं. पण तिनं खुर्ची ओढली, मला बसवलं आणि कान तपासायला लागली. एवढ्या लोकांचे कान पाहिले आणि घरातले पाहिले नाहीत, असं म्हणून रडली. मीही रडलो. नव्या फोनात चव्वेचाळिसावं नाव माझं आहे.

मशीन लावून आठ दिवस झाले. ताटवाट्या फार आदळतात, पंखा कुरकुरतो, माझंच खोकणं मला नकोसं होतं. पण आज सकाळचं तुला सांगितल्याशिवाय राहवत नाही. कालपर्यंत मीही रोज सोबत जात होतो, आज पहिल्यांदा दीक्षा एकटी निघाली. मी दाराकडे पाठ करून पेपर वाचत बसलो होतो. फाटकाशी स्कूटी सुरू झाली आणि मागून आवाज आला की बाबा, येते हो, वेळेवर जेवून घ्या. मी दचकून उभाच राहिलो. हातातला पेपर तसाच घेऊन फाटकापर्यंत गेलो आणि विचारलं, आज काय विशेष? तिनं स्कूटी बंद केली. म्हणाली, विशेष काही नाही, मी तर रोजच सांगून जाते.

शेवंता, पाच वर्षं मी तुला काय काय लिहीत आलो तिच्याबद्दल. ती सगळी कार्डं शोध आणि फाडून टाक.

आणि शेंगांसोबत तुझे कानही घेऊन ये. वाट पाहतो.
तुझा दादा,
लक्ष्मण