मेव्हण्याच्या कपाशीची चाचणी

२६ जून
आजपासून तालुक्यातली चोरटी कपाशी बंद. म्हणजे मी बंद करणार. निरीक्षक कशासाठी झालो? तणनाशक मारलं तरी मरत नाही असलं हे विनापरवाना बियाणं. त्यातला जीन उद्या तणात शिरला तर निस्तरणार कोण? पानं लॅबला पाठवली तर रिपोर्ट येईपर्यंत कापूस वेचून होतो. मी नियम सुधारला. शेतातच तणनाशक मारायचं. मेली तर कायदेशीर, जगली तर गुन्हा. इतकं सोपं वरच्यांना सुचू नये?

२७ जून
सुरुवात सख्ख्या मेव्हण्यापासून. पक्षपाताचा आरोप नको. राजूरजवळचं सुग्रीवचं शेत इतकं स्वच्छ, की संशय यावाच. म्हणाला, दाजी, बी पावतीचं हाय, आम्ही दोघं रोज खुरपून राह्यलो. त्याची बायको आसराबाई हातावरचे फोड दाखवायला लागली. फोड कशानेही येतात.

२८ जून, सकाळी ८
फवारलं. दोनच ओळी ठरल्या होत्या, पण लहान नमुन्यावर वरून प्रश्न येतात. एकर पूर्ण केला. सुग्रीव बांधावर गप्प बसून होता. गुन्हेगार असेच बसतात.

३० जून
कपाशी हिरवीगार! अहवाल पाठवला. रेणूला सांगितलं, तुझा भाऊ असला तरी केस होणार. ती ताटावरून उठून गेली. पण कर्तव्य ते कर्तव्य.

३ जुलै
शेंडे पिवळे. नत्र कमी पडलं असणार. सुग्रीवला फोनवर युरिया टाक म्हणालो. त्याने फोन कट केला.

४ जुलै
झोप नाही. कपाशी जगली तर मेव्हणा कोर्टात, मेली तर त्याचं साल गेलं. राजूरच्या गणपतीपुढे हात जोडले, पण मागायचं काय तेच ठरेना.

७ जुलै
एकर वाळला. म्हणजे सुग्रीव निर्दोष, आणि माझी चाचणी अचूक! अभिनंदनाला फोन केला. आसराबाईने उचलला. नुसती रडली. मलाही भरून आलं.

९ जुलै
गावात गेलो. माफी मागायला नाही, समजावायला. आजूबाजूच्या शेतांत तणनाशक मारून झालंय. तण जळालंय, कपाशी मजेत. सुग्रीव वाळलेली रोपं उपटत होता. मान वर न करता म्हणाला, दाजी, दुबार पेरायचंय. ते न मरणारं बी कुठं भेटतं? तुमाला तर बराबर ठावं असंल.

ठाऊक होतं. सांगितलं.