विषय तुम्ही सुचवलात

सर, आज आमच्या संशोधन समितीत एका मुलीचा विषय बदलायचा घाट घातला होता. खडकवासल्याचं पाणी शहराने किती घ्यावं आणि कालव्याकाठच्या गावांना किती उरावं, यातला न्याय कसा ठरवायचा, हा तिचा प्रश्न. मुलगी हुशार आहे. नाव मुसलमान, माझ्यासारखंच. समितीतले एक गृहस्थ मला म्हणाले, "मॅडम, पाण्यावर कोणीही करेल. हिला अल्पसंख्याकांचे हक्क द्या ना. तुमच्यानंतर आहे कोण?" ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

मला तुमचं स्वयंपाकघर आठवलं. काकू सकाळच्या शाळेत शिकवायच्या, म्हणून भाजी तुम्ही चिरायचात. तुम्ही विळीवर बसला आहात, मी स्टुलावर बसून प्रबंधाचं प्रकरण मोठ्याने वाचतेय. युक्तिवाद पटला नाही की तुमचं चिरणं थांबायचं. "पुन्हा वाचा. की लिहिताना आपण हजर नव्हतात?" माझे रोजे असले की तुम्ही माझ्यासमोर पाणीसुद्धा प्यायचा नाहीत, आणि त्याचा कधी उल्लेखही करायचा नाहीत. इतकं मला घराबाहेर कोणी जपलं नाही.

तिथेच मी माझा विषय घेऊन आले होते: माणसाने सरकारचं मुळात ऐकावं का? भेंडी चिरता चिरता तुम्ही मायेने म्हणालात, "चांगला आहे. पण अहो, अल्पसंख्याकांच्या हक्कांवर तुमच्याइतकं आतून कोण लिहिणार?" मी हो म्हणाले. मग जन्मभर तेच. पुस्तकं झाली, मान मिळाला. पण राज्यसंस्थेवर बोलायला दुसऱ्यांना बोलावतात. कुठे दंगल झाली की मला फोन येतो. माहेरच्या मोहल्ल्यात म्हणतात, बाई आता आपल्या राहिल्या नाहीत. विभागात मी डबा एकटीच खाते.

आज मी समितीला म्हटलं, "तिचा विषय पाण्याचा आहे, पाण्याचाच राहील." मुलगी नुसतं "थँक्यू मॅम" म्हणून गेली. काय टळलं ते तिला कळलंही नाही, आणि ते बरंच झालं. मला मात्र घरी येऊन कोणाला तरी सांगायचं होतं.

हे पाठवणार कुठे? तुम्ही असतात तरी टाकलं नसतं, तुम्हाला फार लागलं असतं. तुमच्यावर माझा राग आहे, सर. बऱ्याच वर्षांचा आहे. पण माझं म्हणणं शेवटपर्यंत ऐकून घेणारं तुमच्यानंतर कोणी भेटलं नाही, म्हणून तुमच्यावरचा रागही तुम्हालाच सांगतेय.