बूथवर गुणगुणलेली चाल

तुर्भे, रविवार

प्रिय आईस,
सप्रेम जय भीम.

मी बरी आहे, डबा वेळेवर येतो. तुझा गुडघा कसा आहे? बाबा गोळ्या घेतात ना?

काल आमच्या संगीत नाटकाचं पहिलं वाचन झालं. कारगिलच्या लढाईच्या वेळची प्रेमकथा आहे, मीच लिहिलेली. त्यात एक मुलगी गावातल्या एसटीडी बूथवर उभी असते. होणाऱ्या नवऱ्याचा सीमेवरून फोन येतो. भोवती सगळं गाव जमलेलं, म्हणून ती लाजून बोलतच नाही, नुसती गुणगुणते.

आई, तू ओळखलं असशील. भाकरी थापताना तू मला हे सांगितलंस आणि वर म्हणालीस, "कोनाला सांगू नको बाई, हसतेत लोकं."

लोक हसलेच. मीही हसले. आमच्या दिग्दर्शक सुचिताताईंनी विचारलं, "भारी गं! कुठून सुचलं?" मी म्हणाले, "असंच." आपल्या घरातली पहिली पदवीधर मी, खरं लिहायचं म्हणून नाटकात आले, आणि तुझं नाव घ्यायला लाजले.

मी खोटं बोलले, हे सुचिताताईंना उद्याच सांगते. तो प्रवेश ठेवायचा की काढायचा, ते मात्र तू ठरव.

फोन मुद्दाम केला नाही. अवघड काही विचारलं की तू अजूनही नुसती गुणगुणतेस, आणि त्यातलं हो की नाही फक्त बाबांनाच कळतं. मला दोन ओळी लिहून पाठव.

चुकलेली, तुझीच
अक्षता