खुंटीवरचा दुसरा सदरा

मंगळवार, १२ ऑगस्ट

ती. सौ. वहिनींस,

साष्टांग नमस्कार. गुडघ्यांची तक्रार असल्यामुळे तो कागदावरच घालतोय, गोड मानून घ्या.

पत्र बघून दचकू नका, सगळं ठीक आहे. फोन का नाही केला म्हणाल, तर फोन उचलतात दादा. परवा मी म्हटलं, "बरं चाललंय," आणि त्यांना ऐकू आलं, "घर जळलंय." मग अर्धी गल्ली तुमच्या दारात जमली असं कळलं. म्हणून म्हटलं, लिहावं. हे पत्र दादांना मोठ्यानं वाचून दाखवू नका, समोरच्या टायरवाल्यापर्यंत जाईल. आधी तुम्ही एकट्या वाचा.

तर बातमी अशी की कंपनीनं मला नवं काम दिलंय. बंदराला लागून आमची जी जुनी वखार आहे, तिथे आता लोकांना बघण्यासाठी चहाचं दालन केलंय. जुन्या पेट्या, तराजू, जहाजांची चित्रं, दगडासारख्या चहाच्या विटा, असं बरंच काही मांडलंय. येणाऱ्याजाणाऱ्याला चहाची गोष्ट सांगायची, हे माझं काम. दिवसभर बोलायचं आणि त्याचा पगार घ्यायचा! तुम्ही म्हणायचात ना, "भावजी, तुमच्या जिभेला हाड नाही"? त्या जिभेचं एकदाचं सोनं झालं बघा.

गोष्ट सुरू होते चीनमध्ये. एक राजा झाडाखाली पाणी उकळत बसला होता, वाऱ्यानं चार पानं पातेल्यात पडली, म्हणे. ही दंतकथा आहे हे मी आधीच सांगून टाकतो, नाहीतर मास्तर मंडळी नाक खुपसतात. पण पुढचं खरं आहे. आधी लोक चहा औषध म्हणून प्यायले, मग मठातले साधू ध्यानात डुलकी लागू नये म्हणून प्यायला लागले, आणि मग ज्याला झोपेचं काही देणंघेणं नव्हतं तोही प्यायला लागला. पानं दाबून विटा करायचे, घोड्यांवर लादून डोंगरापलीकडे न्यायचे आणि तिकडून येताना चहाच्या बदल्यात घोडे आणायचे. काही ठिकाणी तर या विटांचे तुकडे पैशासारखे चालत. एक आजी ऐकून म्हणाल्या, "म्हणजे उकळून पैसाच प्यायचा की!"

लोकांना सगळ्यात आवडतो तो शब्दाचा भाग. जमिनीवरून जिथे जिथे चहा गेला, तिथे तो 'चा' नाहीतर 'चाय' झाला. आणि चीनच्या ज्या किनाऱ्यावर त्याला 'ते' म्हणत, तिथून जहाजांनी तो जिथे जिथे नेला, तिथे त्याचा 'टी' झाला. सगळीकडे हे काटेकोर लागू पडतं असं नाही, पण बहुतेक ठिकाणी पडतं. म्हणजे तुम्ही काय म्हणता यावरून तुमच्याकडे तो कोणत्या वाटेनं आला ते कळतं. आपला चहा 'चा'च्या घराण्यातला. दादांना बाकी काही ऐकू येत नाही, पण हा शब्द कोणत्याही वाटेनं आला तरी बरोबर ऐकू येतो.

सगळंच काही गोड नाही. चहा घ्यायला चांदी पुरेना, तेव्हा व्यापाऱ्यांनी चीनमध्ये अफू नेऊन विकली आणि त्यावरून लढाया झाल्या. रोपं चोरून दुसऱ्या डोंगरांवर लावली, आणि तिथे राबायला लांबलांबची माणसं फसवून नेली. हा फलक वरच्या साहेबांना जरा लहान हवा होता. मी म्हटलं, ठीक आहे, अक्षर लहान करा, मी आवाज मोठा करतो. ते हसले आणि फलक आहे तसाच राहिला.

आता तुम्ही विचारणारच, की दिवसभर वखारीत बडबडता, तर टेबलाशी माझ्या जागी चहा कोण चाखतं?

पुढे सांगतो. आधी चहाची खोड सांगतो, कारण ती तुम्हाला माझ्याइतकीच माहीत आहे. चहाचं सुकं पान शेजाऱ्याचा वास घेतं. जहाजात मिरीशेजारी ठेवलं की मिरीचा, कातड्याशेजारी ठेवलं की कातड्याचा. भरलेल्या पेट्याच्या पेट्या अशा वाया गेल्या आहेत. मी ज्या टेबलाशी आयुष्य काढलं, तिथे हेच तर काम: पांढऱ्या पेल्यांची रांग, चमचा, जोराचा भुरका, पिकदाणी, आणि कुठल्या पानाला कुठल्या शेजाऱ्याची बाधा झाली ते ओळखणं. लोक भुरक्याला हसतात. पहिल्यांदा घरी मी तसा चहा प्यायलो तेव्हा दादांनी नाक मुरडलं आणि तुम्ही म्हणालात, "ओरडू नका त्यांना, सराव करतायत." दुसऱ्या दिवसापासून माझा कप तुम्ही बशीशिवाय, जरा निवलेला ठेवायला लागलात. तेव्हा मी चाखायला शिकणारा उमेदवार होतो आणि आईला जाऊन फार दिवस झाले नव्हते.

आणि मोगऱ्याचा तो किस्सा. तो आठवला की तुम्हाला अजून हसू येतं, पण बाकीचं कधी आपण बोललो नाही, म्हणून तो पुन्हा सांगतो.

मी टेबलाशी नवाच होतो. एक नमुना चाखला आणि छाती काढून म्हणालो, "याला मोगरा आहे." मोठे साहेब खूश. मोगऱ्याच्या फुलांत मुरवलेला चहा त्यांना ठाऊक होता, पण हा साधा चहा, यात मोगरा कुठून आला? बागेला विचारलं, गोदामाला विचारलं, पेटी उलटी करून बघितली. शेवटी साहेबांनी माझा हात धरला, बाही नाकाशी नेली आणि म्हणाले, "अहो, मोगरा चहाला नाही, तुम्हाला आहे." तुमचे वडील अत्तरवाले. माहेरून आणलेल्या मोगऱ्याच्या बाटलीतला एक थेंब तुम्ही रोज मनगटाला लावायचात आणि त्याच हातानं आमचे कपडे घडी करायचात. मी घरी येऊन नकलेसकट सगळं सांगितलं, आपण तिघं पोट धरून हसलो, आणि त्या दिवसापासून दादांनी मला 'नाकोबा' नाव ठेवलं.

दुसऱ्या दिवशी तुमच्या फळीवर बाटली नव्हती. साबण बिनवासाचा आला. सकाळी लसूण परतायचं बंद झालं. तुम्ही काही बोलला नाहीत, आणि मीही काही विचारलं नाही. मला वाटायचं, विचारलं तर तुम्ही "छे, छे, त्यात काय एवढं" म्हणाल आणि विषय संपेल. तो मला संपवायचा नव्हता. माझं लग्न कुठे जमलं नाही, तेव्हा लोक म्हणाले, नाक आडवं आलं. पण ज्या घरात एका माणसाच्या नाकासाठी दुसरं माणूस आपल्या माहेरचा वास फळीवरून उतरवून ठेवतं, त्या घरातून माझाच पाय निघत नव्हता.

वहिनी, आता ते सांगतो.

गेल्या थंडीत मला ताप आला होता, आठवतंय? फोनवर तुम्ही काढ्याचं सांगितलं होतंत. ताप गेला आणि जाताना माझं नाक घेऊन गेला. सगळा चहा गरम पाणी झाला. रंग दिसायचा, तोंडाला तुरटपणा कळायचा, त्या दोघांच्या जोरावर मी काही महिने रेटलं. वाटायचं, उद्या येईल, परवा येईल. मग एक दिवस मी एक नमुना चांगला म्हणून पुढे सरकवला. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी तो पेला उचलून नाकाशी नेला आणि परत माझ्यापुढे ठेवला.

"सर, हा परत एकदा बघता?"

मी पुन्हा भुरका मारला. "छान आहे की."

त्या खुर्ची सरकवून जवळ आल्या आणि अगदी हळू म्हणाल्या, "सर, रॉकेल येतंय."

वहिनी, रॉकेल! रस्त्यावरच्या माणसालाही कळलं असतं. त्यांनी कुणाला सांगितलं नाही. पेला नुसता बाजूला ठेवला आणि मला म्हणाल्या, "तुम्ही ठरवा काय करायचं ते." मी सरळ उठून साहेबांकडे गेलो. वाटलं होतं, निरोपाचा हार आणि घड्याळ. साहेब माझं सगळं ऐकून म्हणाले, "नाक गेलं ना, तोंड शाबूत आहे? मग वखार सांभाळा." माझ्या टेबलाशी आता त्या बाई बसतात, आणि उत्तम बसतात. माणसांच्या बाबतीत माझ्या नशिबानं कधी हात आखडता घेतला नाही. सुरुवात तुमच्यापासून झाली.

हे इतके दिवस तुम्हाला सांगितलं नाही त्याचं कारण नोकरी नव्हे. ज्या नाकासाठी तुम्ही एवढं केलंत ते नाक उरलं नाही, हे तुम्हाला कोणत्या तोंडानं सांगू, एवढंच मनात होतं. सांगायला बसलो की पत्र फाडायचो. पण काल वखारीत मी मोगऱ्याच्या चहाबद्दल सांगत होतो. संध्याकाळी कळ्या चहाच्या पानांत मिसळतात, त्या उमलतात, पान त्यांचा वास घेतं आणि मग फुलं वेचून काढतात. "फूल निघून जातं, चहात मोगरा राहतो," असं मी म्हणालो, आणि नकळत स्वतःचीच बाही नाकाशी नेली. लोकांना वाटलं, सर्दी झालीय. कुणीतरी मलाच चहा आणून दिला.

तेव्हा ठरवलं, सगळंच सांगायचं. तर अजून एक.

बाटली तुम्ही फळीवरून काढलीत, फेकली नव्हतीत. मी कामावर गेलो की दुपारी तुम्ही ती उघडायचात. मी यायच्या आधी खिडक्या सताड उघडायच्या, पंखा लावायचा, हात धुवायचे. एकदा मी दारातच थबकलो, तर तुम्ही घाईघाईनं म्हणालात, "समोरून येत असेल." समोर टायरचं दुकान होतं, वहिनी! टायरवाला मोगरा विकायला लागल्याचं मी तरी ऐकलं नव्हतं. दादांनी एकदम वर्तमानपत्रात डोकं घातलं. त्यांनाही ठाऊक होतं.

मी बोललो असतो, तर तुम्ही तेही बंद केलं असतं. म्हणून दुसऱ्याच दिवशी एक सदरा कामावर नेऊन ठेवला. टेबलाच्या खोलीत, दारामागच्या खुंटीवर. सकाळी पोचलो की नळावर हात धुवायचे, घरचा सदरा काढून बाहेर टांगायचा, आणि खुंटीवरचा तो सदरा घालून मग चाखायला बसायचं. लोकांना वाटायचं, चहाचे डाग पडू नयेत म्हणून. मीही तसंच वाटू दिलं. बदली होऊन इथे आलो, या खोल्यांत अत्तर लावणारं कुणी नाही, तरी इथल्याही दारामागे एक सदरा होताच. सवय, दुसरं काय. तिकडे असताना संध्याकाळी तुमच्या दारात चपला काढताना मी जरा रेंगाळायचो, ते पाय दुखायचे म्हणून नव्हे. दिवसभरात जे जे नाकाला जाणवे ते सगळ्यांना सांगायचं हा माझा धंदा. एवढा एक वास मी कुणाला सांगितला नाही. तो माझा होता.

गेल्या आठवड्यात टेबल रिकामं करताना तो सदरा घरी आणला. धुतलेला, इस्त्रीचा, कसलाही वास नसलेला. निदान मला तरी नाही आला.

डॉक्टर म्हणतात, नाक परत येतं किंवा येत नाही, खात्री कुणी देणार नाही. पण ओळखीचे वास रोज नाकाशी धरा, कधीकधी नाकाला वाट आठवते. कोणते धरू म्हटलं, तर म्हणाले, ज्यांच्याशी जुनी ओळख आहे ते. त्यांनी लिंबू सुचवलं. मी मान डोलावली, पण मनात दुसरंच आलं होतं.

तर दादांना घेऊन इकडे या. चार दिवस राहा. दादांना वखार दाखवतो, त्यांना ऐकू यावं एवढा माझा आवाज आता कमावलेला आहे. येताना बाटली आणा. तळाशी काही उरलं असेल तर उत्तम, नुसती रिकामी असेल तरी आणा. इथे स्वयंपाकात लसूण परता, हवा तो साबण लावा, आणि सकाळी उठल्याबरोबर मनगटाला एक थेंब लावून समोर बसा. इतकी वर्षं तुम्ही माझं नाक जपलंत, म्हणून मला काम मिळालं, मान मिळाला आणि जगभरच्या पानांची ओळख झाली. त्याबद्दल 'आभार' हा शब्द तोकडा वाटतो, पण एकदा तरी तोंडानं म्हणायचाय. समोर बसून म्हणेन.

वास आला, तर मी लगेच ओरडून सांगेन. नाही आला, तर तुम्ही मला सांगा, कसा आहे तो. अत्तरवाल्याची मुलगी आहात, तुम्हाला नेमकं सांगता येईल. मी ऐकेन.

तेवढ्या खिडक्या मात्र या वेळी उघडू नका.

तुमचाच,
नाक असो नसो,
नाकोबा