घोंगडी मंडळाचा खर्च मीच कमी करणार

१० फेब्रुवारी, सोमवार
ही डायरी मंडळाची आहे. वर सोनेरी अक्षरात छापलं आहे, विदर्भ घोंगडी विकास मंडळ. पाचशे छापल्या, वाटल्या साठ. उरलेल्यातल्या चार मी रेकॉर्ड रूममध्ये माह्या फ्रिजच्या पायाखाली लावल्या, डुगडुगत होता. एक लिहायले घेतली. वाया जाऊन राहिल्या होत्या. चवथी शिकली मी, पण माह्यं अक्षर इंदुताईपेक्षा बरं आहे, अन् ती इथली हेडक्लार्क.
आजपासून इथं फक्त उधळपट्टी लिहीन. बारा वर्षांपासून या ऑफिसच्या जिन्याखाली चहाची कँटीन चालवते. बारा वर्षांत इथून एक घोंगडी बाहेर गेली नाही. माणसं चौदा, पंखे एकवीस, गाडी एक, ड्रायव्हर दोन. पैसा कोणाचा? माहा. माचिस घेतली तरी मी टॅक्स भरते.
संताप येते. हीटरवर दूध आहे, बाकी उद्या.

११ फेब्रुवारी, दुपारी
सभागृहात सहा पंखे चालू, आत माणूस नाही. चंपतराव शिपायाले विचारलं, काहून गा, हवा कोणाले घालून राहिला? तो म्हणे, बाई, माह्याकडं बटन चालू करायचं काम आहे. बंद करणारा मागच्या साली रिटायर झाला, त्याची पोस्ट भरली नाही.
मीच बंद केले.
संकल्प: रोज पाच वाजता सगळ्या इमारतीत चक्कर.

१२ फेब्रुवारी
चक्कर जमली नाही. गिऱ्हाइकी.

१३ फेब्रुवारी
गुडघा.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार
जमली! सगळे घरी गेल्यावर एकेक खटका पाडला. कोणता कशाचा ते पाहत बसली नाही, दिसला तो पाडला. दोन दिवस सुट्टी आहे. सरकारचं मीटर पहिल्यांदा झोपलं असन.

१७ फेब्रुवारी, सोमवार
फ्रिज बंद! बारा लिटर दूध फाटलं, रेकॉर्ड रूमभर वास. कोण्या मूर्खानं खटका पाडला. एवढी बेजबाबदार माणसं मी जन्मात पाह्यली नाहीत. चंपतरावले म्हटलं, एवढा स्टाफ आहे, फ्रिज चालू आहे की नाही हे पाहायले एक माणूस ठेवता येत नाही? तो खो खो हसला. दात पाडावेसे वाटले.

२४ फेब्रुवारी
नवे साहेब आले. विक्रम साहेब. वय असन पस्तीस. आल्या आल्या आपल्या हातानं लाइट बंद केला. बावा! माह्यासारखा माणूस आहे, पण साहेब आहे.
जिन्यापाशी सूचनापेटी लावली. सागवानी पेटी, पितळेचं कुलूप, वर ट्यूबलाइट. ट्यूबलाइट काहून? अंधारात कोणी सूचना टाकायले येणार आहे काय? जाऊ द्या, सुरुवात आहे.

२७ फेब्रुवारी
तीन दिवसांत पेटीत पडली ती तंबाखूच्या खर्ऱ्याची एक रिकामी पन्नी. चौदा जणांत एकाले बोलायची हिंमत नाही. शेवटी मीच लिहिलं, या डायरीचं पान फाडून: साहेब, इथं फुकटचं खाणारे खूप झाले. सरकारच्या लाइटीवर, सरकारच्या पाण्यावर कोण कोण जगते ते शोधा. जे मंडळाच्या कामाचं नाही ते बंद करा. मुलाहिजा करू नका.
खाली पूर्ण नाव टाकलं. सौ. रुख्मिणी रुपराव. मी कोणाले भीत नाही.

४ मार्च
साहेबानं बोलावलं. बसायले खुर्ची दिली. बारा वर्षांत पहिल्यांदा. म्हणे, मावशी, तुमची चिठ्ठी मी दोनदा वाचली, यावर समिती बसवतो.
बाहेर इंदुताईनं धरलं. म्हणे, कशाले नसते धंदे करते वं रुख्मिणी? तुले माहीत तरी आहे काय समिती काय असते? मी म्हटलं, तुमच्या एका टेबलाले दोन पंखे आहेत, म्हणून तुमच्या पोटात दुखून राहिलं.

११ मार्च
खर्च कपात समिती, बैठक पहिली. मेंबर पाच. चहा तीनदा, तर्री पोहे एकदा. विषय: समितीनं बसायचं कोणत्या खोलीत. ठरलं नाही. ही उधळपट्टी नाही तर काय?
पोहे मात्र झकास झाले होते. तर्री सगळ्यांनी दोनदा मांगतली.

१८ मार्च
बैठक चवथी. आठ दिवसांत हीटर थंडा झाला नाही. इतवारी बाजारात जाऊन दुसरा आणला, मोठा, भराभर तापते. चंपतराव म्हणे, बाई, हे लावलं की जिन्यातला बल्ब मिणमिण करते. मी म्हटलं, मग बल्ब बंद कर गा, तेवढीच बचत.

२६ मार्च
मार्च एंड. पैसा ३१ च्या आत संपला नाही तर पुढच्या साली कमी भेटते म्हणे. म्हणून चौदा माणसांले वीस नव्या खुर्च्या आल्या. जुन्या छतावर टाकल्या. त्यातल्या दोन मी कँटीनले आणल्या, पाऊसपाण्यात सडल्या असत्या.
साहेबाले विचारलं, हे काय? म्हणे, मावशी, घ्यायचा खर्च वेगळा, चालवायचा खर्च वेगळा. आपली समिती चालवायच्या खर्चाची. म्हणजे खुर्च्या घ्या, फक्त बसू नका! गाळणी फेकून मारणार होती, पण साहेब चांगला आहे.

३ एप्रिल
चंपतराव हळूच सांगून गेला, रिपोर्ट तयार झाला, त्यात माह्यं नाव आहे. बुधवारी सभागृहात वाचणार. सत्कारही आहे.
घरी रुपरावले सांगतलं. नवरा खुश होईल वाटलं. म्हणे, तुह्यं नाव, अन् सरकारी कागदावर? आधी वाचायले मांग. या माणसाले माह्यं चांगलं पाहवत नाही.
नवा ब्लाउज शिवायले टाकला. भाषण पाठ करून राहिली. पहिली ओळ: मी तर साधी बाई.

९ एप्रिल, बुधवार
ऊन बेचाळीस. इमारतीत एकवीसच्या एकवीस पंखे चालू, सभागृहात वरून चार कूलर.
रिपोर्ट इंदुताईनं वाचला. गाडी, गरजेची. ड्रायव्हर दोन, कारण एक आजारी पडू शकते. पंखे, आधीच लागलेले आहेत. डायऱ्या, मंडळाच्या इज्जतीचा प्रश्न. मग म्हणे, सौ. रुख्मिणीबाई यांच्या सूचनेप्रमाणे शोध घेतला. जिन्याखाली दोन हीटर, एक मिक्सर, रेकॉर्ड रूममध्ये एक फ्रिज, एक नळ, सगळं मंडळाच्या मीटरवर. मंडळाच्या कामाचं नाही. मुलाहिजा न करता एप्रिलअखेर बंद करावं.
टाळ्या!
शाल आणायची राहून गेली, म्हणून साहेबानं गोदामातली घोंगडी माह्या अंगावर टाकली. बेचाळीस डिग्रीत. नवा ब्लाउज कोणाले दिसला नाही.
भाषण म्हटलं नाही. एवढंच म्हटलं, अहो, मी सरकारची नाही, मी खाजगी आहे. इंदुताई म्हणे, तेच तर वं.

११ एप्रिल
साहेबाच्या केबिनमध्ये गेली. म्हटलं, सात बैठका माह्या चहावर केल्या, तेव्हा मी कामाची होती? खाली मान घालून म्हणे, मावशी, वर काहीतरी कपात दाखवावी लागते. अन् चहाचं मशीन येऊन राहिलं.
मशीनवर एक ऑपरेटर. ऑपरेटरवर एक सुपरवायझर.
संकल्प: मंत्र्याले पत्र लिहीन. कडक.

३० एप्रिल
पत्र राहिलं. सामान नेलं. फ्रिज काढला तर खालच्या चारही डायऱ्या चेपल्या होत्या. चंपतरावनं त्या उचलून पुन्हा गठ्ठ्यात ठेवल्या. म्हणे, रेकॉर्ड आहे.

१५ मे
घरी चहा करून गेटबाहेर विकते. घोंगडी थर्मासले गुंडाळते, चहा गरम राहते. मंडळाची एक तरी वस्तू कामाची निघाली.
आज सिलिंडर संपला. नऊ दिवसांत! हा एजन्सीवाला चोर आहे, वजन मारते. त्याची तक्रार करतेच. रुपराव खाटेवर पडल्या पडल्या म्हणे, बारा वर्षं तिथं तुले एकही सिलिंडर लागला नाही काय वं?
तोंडात आलं होतं, तिथं तर फुकट. गिळलं.
उठली अन् कूलर बंद केला. रुपराव ओरडला, काहून वं, गरमी होऊन राहिली ना. म्हटलं, बिल आपल्या घरी येते.