सरदाराचा घोडा आणि आमचा रांजण

आदरणीय अजितभावोजी,

सप्रेम जयभीम. रेवदंड्याला सगळे बरे असतील. तुमचा गुडघा जिना चढू देतो का, ते कळवा. मी ठीक आहे. तुमच्या मित्राला जाऊन तीन वर्षं झाली, तरी चहा दोघांचा टाकते आणि दोन्ही कप मीच पिते, म्हणून पित्त वाढलंय.

लिहायचं कारण आपला नाका. चारही बाजूंना टॉवर उभे राहिल्यापासून त्याला इतिहासाची गरज पडली आहे. हर्षदनं (नगरसेवकाचा पुतण्या, दहावीला इतिहासातच नापास झालेला) पुस्तिका काढली. पुड्यांच्या कागदावरून वाचायला शिकलेली बाई मी, छापलेलं काही सोडत नाही. तीनदा वाचली. पान चारवर म्हणे, एका सरदाराचा घोडा इथल्या रांजणातलं पाणी प्याला, म्हणून नाव ‘सरदार चौक’. भावोजी, घोड्याचं तोंड त्या रांजणात शिरेल का? शिरलंच तर निघेल का? आणि तीनशे वर्षांपूर्वीचा रांजण तुम्ही दोघांनी पेणहून एसटीच्या टपावर कसा आणलात? (मार्च १९८९. कंडक्टरनं त्याचं अर्धं तिकीट फाडलं होतं.)

मिठागरावरची माणसं तहानलेली जायची, म्हणून ह्यांनी तो चार रस्त्यांवर पुरला. आपल्या हातचं पाणी म्हणून पहिला महिना कितीतरी जण नुसते बघून गेले. वैशाख लागला तसे तेच ओंजळ धरून आले. तेव्हापासून सगळे ह्या नाक्यालाच ‘रामजीचा रांजण’ म्हणतात. पुस्तिकेत ह्यातली एक ओळ नाही.

मी भर चौकात हर्षदला धरलं.

“काकी, पुरावा हाय का?”

“मी हाय की.”

“तुम्ही बायको. घरच्यांची साक्ष धरत न्हाईत.”

“मग घोड्याची कोणी काढली रे?”

लोक हसले. ‘सरदार चौक’ची नवी पाटी लागायची थांबली आणि नगरपालिकेनं नावावर सुनावणी लावली.

तुमची वहिनी,
जयमाला

ता. क. सुनावणी गुरुवारी अकराला. रांजणाचं दुसरं टोक धरणारे म्हणून तुमचं नाव मी देऊन टाकलंय. या.

आणखी एक. “माझं नाव कुठं लावू नका,” असं हे आपल्या दोघांनाही बजावून गेलेत. तेवढं साहेबांपुढं बोलू नका. मी जन्मात ह्यांचं नाव तोंडानं घेतलं नाही, आता जमत नाही. रिक्षावाले घेतात. “रामजी, रामजी, एक सीट!” सकाळपासून मी खिडकीत बसून तेच ऐकते.