भिंग तांदळाच्या डब्यात

३ नोव्हेंबर
लतीफ टेम्पो घेऊन न्हावा शेव्याला गेला होता. येताना, मशीन नेणाऱ्या कुर्तेवाल्याने संग्रहालयाचा म्हणून दिलेल्या पत्त्यावर डोकावला. "मास्तर, संग्रहालय न्हाय थं. टायरचं दुकान हाय. तुमच्या कुर्तेवाल्याला कोन वळखत न्हाय."
म्हणजे मशीन गेलं. तंबूतल्या सिनेमाचा प्रोजेक्टर, बावीस वर्षं या हातांनी चालवलेला. हिला अजून बोललो नाही.

४ नोव्हें.
हिला सांगितलं. "जन्मभर लोकांना ठगांचे सिनेमे दाखवलेत, एखादा स्वतः बघायचा होतात!" तिनेच त्याला तांदळाच्या भाकऱ्या वाढल्या होत्या. तीन खाल्ल्या मेल्याने. वर जवळ्याची चटणी बांधून नेली.

६ नोव्हें.
दुपारी फोनवर ठगाचाच एक जुना सिनेमा लावला. रागाने लावला, आणि रंगलो की! तंबूत असलं काही लागलं की म्हसळ्याकडून माणसं चालत यायची. शेठ नागवला गेला की शिट्ट्या. मशीनमागच्या खिडकीतून मीही हसायचो. आपण कायम ठगाच्या बाजूने. नागवलेल्याचं घर पडद्यावर दाखवतच नाहीत. माझ्या पडवीत ते दिसतं: जमिनीवर मशीनच्या पायांचे ठसे, बाकी काही नाही.
आणि ठग कधी मागत नाही. यानेही कुठे मागितलं? पाया पडला, मशीनवरून हात फिरवला, म्हणाला, "याच्याखाली तुमच्या नावाची पाटी हवी, काका." घेऊन जा, असं मीच म्हणालो. पाटीची हाव. लिहितानाही लाज वाटते.
सोडणार नाही त्याला.

९ नोव्हें.
त्याचाच फोन! "काका, मशीनचं भिंग दिसत नाही."
कसं दिसेल? खाऱ्या हवेने बुरशी धरते म्हणून खेळ संपला की भिंग काढून फडक्यात, फडकं तांदळाच्या डब्यात. तंबू गेला, सवय राहिली. मशीन देताना साफ विसरलो होतो, देवाशप्पथ.
"शोधतो रे बाबा. वय झालं." आवाज मुद्दाम कापरा.
फोन ठेवला आणि शीळ घातली. किती वर्षांनी!

१० नोव्हें.
लतीफ म्हणे, "तंगडी मोडू या." नको. त्याच्याच चालीने मारायचा. फोन करून एवढंच सांगितलं: भिंग सापडलं, पण ते मशीनवरच जुळवावं लागतं, आणि शोधताना जुन्या पोस्टरांची पत्र्याची पेटीही सापडली. मशीन आण, हे मी म्हणायचं नाही. त्याने म्हणायचं.
पेटीत रद्दी, वर एकच पोस्टर. तो पेटीवर वाकला की लतीफ आणि त्याचे भाऊ मशीन उतरवणार. त्याच्या टेम्पोची चावी विहिरीत. चावीचं काम माझं.

१२ नोव्हें.
गळाला लागला! "काका, मीच मशीन घेऊन येतो. तिथेच बसवून बघू."
मग म्हणाला, "एकटाच येतो. तुमच्यावर पूर्ण विश्वास आहे माझा."
इथे जरा चरकलो. सिनेमात हे वाक्य कोण बोलतं, मला ठाऊक आहे.

१४ नोव्हें., सकाळ
ही भाकऱ्या थापतेय. म्हटलं, त्याला कशाला? "मागे तीन खाल्ल्या. आज पाच वाढते, उठताच येऊ नये मेल्याला."
टेम्पो वळणावर दिसला. ताडपत्रीखाली काहीतरी उंच आहे. मशीन की नुसतीच खोकी, खिडकीतून कळत नाही. शेजारच्या सीटवर कुणीतरी बसलंय. एकटा येणार होता ना?
भिंग माझ्या खिशात. पेटी पडवीत, लतीफ आणि त्याचे भाऊ दाराआड.
होतो पुढे.